पैसे साठवायचं ठरतं, पण साठत नाहीत: मधे मन कुठे आडवं येतं?

१३ ऑक्टोबर २०२५ ला पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळानं पैसे काढण्याचे नियम बदलायचं ठरवलं. तेरा वेगवेगळ्या तरतुदी जाऊन तीन गट आले, बऱ्याच बाबतीत पैसे काढणं सोपं झालं. पण लोक खवळले ते दोन गोष्टींवर. एक म्हणजे खात्यात २५ टक्के रक्कम शिल्लक ठेवावीच लागणार. दुसरी, नोकरी सुटल्यावर सगळा पीएफ काढायचा असेल तर दोन महिन्यांऐवजी बारा महिने थांबावं लागणार. घामाचे पैसे आमचे, मग अडवणारे हे कोण, असा सूर व्हॉट्सअॅपच्या प्रत्येक ग्रुपवर होता.

त्या गदारोळात सरकारनंच दिलेला एक आकडा बाजूला पडला. अंतिम हिशेबाच्या वेळी निम्म्या सभासदांच्या खात्यात २० हजारांपेक्षा कमी रक्कम असते आणि ७५ टक्के सभासदांच्या खात्यात ५० हजारांपेक्षा कमी. म्हातारपणाची पुंजी म्हणून ज्या खात्याकडे बघायचं, त्यात बहुतेकांच्या वाट्याला एका बऱ्या फ्रीजचे पैसे.

याचं एक कारण उघड आहे: पगार कमी आणि नोकऱ्या थोड्या थोड्या दिवसांच्या. दुसरं कारण म्हणजे मधेच खातं मोडणं. पहिल्या कारणाकडे मी पुढे येतोच, कारण त्याला वगळून या विषयावर बोलणं अप्रामाणिकपणाचं होईल. पण आधी दुसरं. चांगली कमाई असलेली, हिशेबात हुशार, बिल भरायला कधी न चुकणारी माणसंसुद्धा स्वतःच ठरवलेल्या रकमेपर्यंत का पोचत नाहीत? गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत अर्थशास्त्र आणि मानसशास्त्राच्या सीमेवर काम करणाऱ्यांनी या प्रश्नाची बरीच उकल केली आहे. त्यातलं कामाचं तेवढं इथे.

## आधी नुसता हिशेब

समजा, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी नोकरी बदलली. जुन्या कंपनीच्या पीएफमध्ये दोन लाख जमले होते. ते नव्या खात्यात वर्ग करता आले असते, पण काढून घेतले. त्यात एक बुलेट आली, थोडे पैसे मित्राच्या लग्नाच्या गोवा ट्रिपला गेले.

तेच दोन लाख वर्षाला ८ टक्के चक्रवाढीनं तीस वर्षं राहिले असते तर साधारण वीस लाख झाले असते. इथे लगेच कुणीतरी म्हणणार की तीस वर्षांनी वीस लाखांना काय किंमत राहणार? रास्त शंका आहे. महागाई वर्षाला ५ टक्के धरली तर तेव्हाचे वीस लाख म्हणजे आजचे साडेचार लाखांच्या आसपास. म्हणजे कुठलीही जादू नाही. खरेदीची ताकद दुपटीपेक्षा थोडी जास्त झाली, इतकंच. गुंतवणुकीच्या जाहिराती हा दुसरा हिशेब सांगत नाहीत, म्हणून मुद्दाम सांगितला.

पण दुप्पट ती दुप्पट. हे गणित आठवीच्या पुस्तकातलं आहे आणि बुलेट घेणाऱ्याला ते येत होतं. म्हणजे गडबड गणितात नाही.

## आजचा मी आणि उद्याचा मी

रात्री अकरा वाजता आपण पहाटे पाचचा गजर लावतो. लावताना मन अगदी साफ असतं: उठायचं, चालायला जायचं. पहाटे पाचला गजर वाजतो आणि तोच माणूस हात लांब करून तो बंद करतो. ठरवणारा एक आणि अंमल करणारा दुसरा असावा, असा हा प्रकार. त्यात लबाडी कुणाचीच नसते. रात्री अकराला पहाटेचा त्रास लांब होता, म्हणून लहान दिसत होता. पाच वाजता तो अंगावर आला.

पैशाचंही असंच होतं. आज हजार रुपये घेणार की महिन्याभरानं अकराशे, असं विचारलं तर बरेच जण आजचे हजार मागतात. तोच प्रश्न एक वर्ष पुढे ढकलून विचारा: बारा महिन्यांनी हजार की तेरा महिन्यांनी अकराशे? आता तीच माणसं म्हणतात, एक महिना काय, थांबू की. अंतर तेवढंच, फायदा तेवढाच, उत्तर मात्र उलटं. हातातल्या गोष्टीला मन जे अवाजवी वजन देतं, त्याला अर्थशास्त्रात वर्तमानाचा कल म्हणतात.

यावरचा सर्वांत गाजलेला उपाय रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी यांनी अमेरिकेतल्या एका कारखान्यात करून पाहिला. थेलर यांना पुढे २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या कारखान्यातल्या कामगारांना सल्लागार सांगत होता की निवृत्तीसाठीची बचत वाढवा. अनेकांचं उत्तर आपल्याकडच्यासारखंच होतं: आत्ता नाही जमणार. मग त्यांना वेगळं विचारलं. आत्ता एक पैसाही देऊ नका. पुढची पगारवाढ होईल तेव्हा वाढीतला काही भाग आपोआप बचतीला जाऊ दे, चालेल? ज्यांना हे विचारलं त्यांतल्या ७८ टक्के लोकांनी होकार दिला. चाळीस महिन्यांत त्यांची बचत पगाराच्या साडेतीन टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. हा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला.

कामगारांचा स्वभाव कुणी बदलला नव्हता. काटकसरीची प्रवचनंही झाली नव्हती. निर्णय फक्त अशा वेळी मागितला की तो रात्री अकराच्या माणसाच्या हाती पडेल. शिवाय पैसे वाढीतूनच जात असल्यामुळे घरी येणारा पगार कुठल्याच महिन्यात कमी झालेला दिसला नाही.

पीएफची कपातही याच तत्त्वावर १९५२ च्या कायद्यापासून चालू आहे. बेसिकच्या १२ टक्के रक्कम हातात येण्याआधीच कापली जाते, म्हणून ती जाते. तेवढेच पैसे पगार झाल्यावर स्वतः जाऊन भरा असं सांगितलं असतं तर किती जणांनी भरले असते, याचं उत्तर ज्यानं त्यानं द्यावं.

## लाल आकडा दिसला की

हा भाग जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त नुकसान मला इथे होताना दिसतं.

एसआयपी म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरलेली रक्कम आपोआप गुंतवण्याची सोय. २०२४ च्या ऑक्टोबरपासून या वाटेनं देशात महिन्याला २५ हजार कोटींच्या वर पैसे येत आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक, सेन्सेक्स, ८५ हजारांच्या पुढे होता. मग घसरण लागली. जानेवारी २०२५ मध्ये बंद झालेल्या किंवा मुदत संपलेल्या एसआयपींची संख्या नव्यानं सुरू झालेल्यांपेक्षा जास्त निघाली.

त्या दिवसांत चहाच्या टपरीवर दिसणारं दृश्य असं: एकजण मोबाईल उघडतो, दोन लाखांच्या गुंतवणुकीखाली लाल अक्षरांत उणे अकरा हजार. तो पडदा शेजारच्याला दाखवतो. शेजारचा म्हणतो, मी तर मागच्याच आठवड्यात बंद केली, वर गेलं की परत चालू करू. चहा संपायच्या आत निर्णय झालेला असतो.

डॅनियल काहनेमन आणि आमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये एक सिद्धांत मांडला. त्याचं सार असं की हजार रुपये गमावल्याचं दुःख हजार रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा बरंच मोठं असतं. पुढच्या मोजमापांत ते साधारण दुप्पट निघालं. काहनेमन यांना २००२ मध्ये नोबेल मिळालं. ट्वर्स्की तोवर हयात नव्हते.

आता हे दुप्पट दुःख घेऊन रोज बाजार बघा. सेन्सेक्स कुठल्याही एका दिवशी वर जाण्याची शक्यता खाली जाण्यापेक्षा जराशीच जास्त असते. म्हणजे रोज बघणाऱ्याला जवळजवळ दिवसाआड वाईट बातमी मिळते आणि ती दुपटीनं लागते. वर्षातून एकदाच, ३१ डिसेंबरला बघणाऱ्याचा अनुभव काय? २००२ ते २०२४ या तेवीस वर्षांत सेन्सेक्स वर्षाअखेरीस आधीच्या वर्षापेक्षा खाली होता तो फक्त तीनदा: २००८, २०११ आणि २०१५ मध्ये. बाजार दोघांचा एकच. एकाला तो धोकादायक वाटला, दुसऱ्याला कंटाळवाणा, आणि यात कंटाळवाणा वाटणं फायद्याचं.

२३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९०० हून अधिक अंकांनी कोसळला आणि २६ हजारांच्याही खाली बंद झाला. दहा महिन्यांनी, जानेवारी २०२१ मध्ये, त्यानं पन्नास हजारांना हात लावला. मधल्या काळात ज्यांनी एसआयपी बंद केली त्यांनी नेमका स्वस्ताईचा माल सोडला. फंडाच्या एका युनिटचा भाव शंभर असताना पाच हजारांत पन्नास युनिट येतात, भाव सत्तरवर आला की त्याच पाच हजारांत एकाहत्तर. एसआयपीचा सगळा फायदा या जास्तीच्या एकवीस युनिटांत आहे आणि माणसं थांबतात ती बरोबर तिथेच.

आता दुसरी बाजू. बाजार नेहमी वर्षा-दोन वर्षांत परत येतोच असं मानू नका. जपानचा निक्केई निर्देशांक १९८९ च्या डिसेंबरात ज्या उंचीवर होता, ती पातळी ओलांडायला त्याला फेब्रुवारी २०२४ उजाडावा लागला. चौतीस वर्षं! त्यामुळे नुसतं टिकून राहा हा सल्ला अर्धाच आहे. मुलीच्या फीचे पैसे दोन वर्षांनी लागणार असतील तर ते शेअर बाजारात असूच नयेत. धास्ती कमी करण्याचा तो जास्त खात्रीचा मार्ग आहे, मन खंबीर करण्यापेक्षा.

## पैशांचे वेगवेगळे डबे

रुपया हा रुपया. पण मनात त्याचे डबे पडतात. पगाराचा रुपया जपून खर्च होतो, दिवाळीच्या बोनसचा सैल हातानं, आणि इन्कम टॅक्सचा परतावा म्हणजे जणू लॉटरीच, जरी ते पैसे वर्षभर आपल्याच पगारातून कापलेले असले तरी. थेलर यांनी याला मानसिक हिशेब असं नाव दिलं.

पुण्याच्या आसपासच्या गावांना हे पुस्तकातून शिकायची गरज पडली नाही. जमिनी विकल्या गेल्या, एकरी भाव कोटींत गेले, आणि भाषेत गुंठामंत्री हा शब्द आला. त्या शब्दातला तुच्छतेचा सूर मला पटत नाही, कारण शहरी नोकरदार बोनसचं जे करतो तेच हे, रक्कम तेवढी मोठी. अवचित आलेला पैसा हौसेच्या डब्यात पडतो आणि हौसेला मोल नसतं. ज्यांनी जमिनीच्या पैशातून दुसरीकडे जमीन घेतली किंवा गाळे बांधून भाडं चालू केलं, त्यांनी तो पैसा मनात अजून जमीनच मानला होता.

डब्यांचा सगळ्यात महागडा परिणाम वेगळाच आहे. बँकेत सहा-सात टक्क्यांची एफडी तशीच ठेवून क्रेडिट कार्डाची थकबाकी वर्षाला ३६ ते ४२ टक्क्यांनी ओढणारी घरं कमी नाहीत. एफडी हात न लावायच्या डब्यात असते ना. मोडून कार्ड फेडलं तर त्याच दिवशी वर्षाला तीस टक्क्यांची सोय होते, असा परतावा कुठलाही फंड देणार नाही.

पण हीच खोड कामालाही लावता येते. दिलीप सोमण आणि अमर चीमा यांनी भारतातल्या मजूर कुटुंबांवर केलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. मजुरीतला ठरलेला भाग बचत म्हणून वेगळ्या पाकिटात घालून दिला. पाकिटावर स्वतःच्या मुलांचा फोटो असेल तर बचत वाढली. एकाऐवजी दोन पाकिटांत विभागून दिली तरी वाढली, कारण एक फोडलं तरी दुसरं फोडायला परत मन घट्ट करावं लागतं. म्हणून बँकेतल्या आवर्ती ठेवीला किंवा फंडाला नाव द्यायची सोय असेल तर ‘आरडी ३’ ऐवजी मुलीचं नाव आणि वर्ष टाका. ऐकायला पोरकट वाटतं, पण मुलीच्या नावाची ठेव मोडायला बोट चाचरतं.

## ‘श्रीमंतासारखा विचार करा’ याचं काय?

पैशाच्या मानसिकतेवर बोलणाऱ्या रील्समध्ये बहुधा हेच असतं. डोळे मिटा, स्वतःचा बंगला बघा, विश्वाकडे मागा. याला काही आधार आहे का?

गॅब्रिएले एटिंगन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी यावर दीर्घकाळ काम केलं आहे. २००२ मधल्या त्यांच्या एका अभ्यासात पदवी घेऊन नोकरी शोधणारे तरुण होते. छान नोकरी लागल्याची जे जास्त दिवास्वप्नं पाहत होते त्यांना दोन वर्षांनी कमी नोकऱ्या चालून आल्या होत्या आणि पगारही कमी होता. पण गोष्ट इथे संपत नाही. ‘आपल्याला नोकरी मिळेल’ असा ज्यांचा अंदाज होता, त्यांचं चांगलं झालं होतं. अंदाज आधीच्या कामगिरीवर बेतलेला असतो. दिवास्वप्नात बंगला मिळून गेलेला असतो आणि मग त्यासाठी उठून काही करायची निकड उरत नाही.

म्हणजे आत्मविश्वास लागतो, पण कशावर तरी उभा असलेला. तो नसताना काय होतं ते शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालात आहे. फ्युचर्स-ऑप्शन्स म्हणजे सोप्या शब्दांत शेअरच्या पुढच्या भावावर थोड्या पैशांत लावलेली मोठी पैज. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत त्यात उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. मला त्या अहवालातली सगळ्यात बोलकी ओळ वेगळीच वाटते: तोटा झालेल्यांपैकी पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक लोक आधीची वर्षं तोट्यात जाऊनही खेळत राहिले. गेलेलं भरून काढू आणि मग सोडू. तोट्याचं दुप्पट दुःख एसआयपीवाल्याला पळवून लावतं आणि ऑप्शनवाल्याला खिळवून ठेवतं.

आठवड्याला व्याज देणाऱ्या योजनांबद्दल वेगळं काय लिहायचं? जानेवारी २०२५ मध्ये टोरेस या दागिने विकणाऱ्या कंपनीकडे पैसे अडकल्यावर तिच्या दादरच्या दुकानासमोर जमलेली गर्दी सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली आहे.

## पगारच कमी असेल तर?

हा सगळ्यात वजनदार आक्षेप. महिन्याला अठरा हजार कमावणाऱ्या, सहा हजार भाडं भरणाऱ्या माणसाला मानसिकता सुधारायला सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. त्याला जे कमी पडतंय ते पैसे आहेत.

आणि इथे संशोधनानं एक उलटी गोष्ट दाखवली आहे. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्दार शफीर आणि जियायिंग झाओ यांनी तामिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांना तर्काच्या आणि एकाग्रतेच्या चाचण्या दिल्या, तोडणीच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. ऊस वर्षातून एकदाच पैसे देतो, त्यामुळे तोडणीआधी घरात ओढाताण असते, बिल आल्यावर हात सुटा. तोच शेतकरी तोडणीआधीच्या चाचणीत स्पष्टपणे मागे पडला. त्याची बुद्धी कमी झाली नव्हती. उधारी, खताचं देणं, मुलांची फी यांनी डोकं आधीच भरलं होतं. हा अभ्यास २०१३ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला.

कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. ऊस गेल्यावर चौदा दिवसांत बिल द्यावं असा नियम आहे, आणि ते किती वेळा लांबतं हे तिथल्या प्रत्येक घराला पाठ आहे. त्या मधल्या महिन्यांत घेतलेलं जास्त व्याजाचं कर्ज बाहेरच्याला बेजबाबदारपणा वाटतो. आत राहणाऱ्याला ती त्या दिवसाची एकमेव वाट असते. गरिबी चुकीच्या मानसिकतेतून येते असं छातीठोक सांगणाऱ्यांनी हा अभ्यास आधी वाचावा.

यातून कामाची गोष्ट एवढीच निघते की ओढाताणीच्या महिन्यात मोठे निर्णय घेऊ नयेत, बिल हाती आलेल्या आठवड्यात घ्यावेत. पीक कर्ज, शाळेची फी आणि पुढच्या हंगामाचं बी-खत यांचे पैसे त्याच आठवड्यात वेगळे काढून ठेवले तर जूनमधल्या दमलेल्या डोक्यावर तो भार राहत नाही. फार मोठा उपाय नाही हा. कमी उत्पन्नाचं उत्तर जास्त उत्पन्न हेच आहे.

## आई-वडिलांना हे कुणी शिकवलं होतं?

कुणीच नाही, आणि तरी त्यांनी एका पगारात घर केलं, पोरं शिकवली. मग आपल्यालाच ही पोथी कशाला?

त्यांच्याकडे कुलपं होती. आमच्या सोसायटीतल्या बायकांची भिशी बघा. बारा जणी, महिन्याला दोन हजार. पहिल्या शनिवारी कुणाच्या तरी घरी जमायचं, स्टीलच्या वाटीत चिठ्ठ्या, लहान मुलीकडून एक उचलायची, साबुदाणा वडे, चहा. जिची चिठ्ठी तिला चोवीस हजार. व्याजाच्या नजरेनं बघितलं तर ज्यांची चिठ्ठी शेवटी निघते त्यांचा शुद्ध तोटा, तेच पैसे बँकेत असते तर काहीतरी मिळालं असतं. पण बँकेत ते असतेच कशाला? भिशीत दोन हजार न देता अकरा जणींसमोर वडे खाणं अशक्य, म्हणून दोन हजार निघतातच. लाज हे तिथलं कुलूप.

एलआयसीच्या पारंपरिक पॉलिसीचंही तसंच. परतावा बेताचा, हे मीही लोकांना सांगत असतो. पण मधेच सोडली तर मोठा फटका बसतो, हप्ता चुकला तर ओळखीतला एजंट दारात उभा राहतो. त्यामुळे वीस वर्षांनी हातात जाड चेक पडला. कागदावर बारा टक्के देणारा फंड ज्यानं तीनदा मोडला त्याच्यापेक्षा हा माणूस पुढे निघाला, असं मी पाहिलं आहे. सोनं तर काय, अंगावरचं मोडायचं म्हणजे घरात रडारड.

आपल्याकडे आता मोबाईलवर दोन बोटांनी फंड मोडता येतो आणि पैसे एक-दोन दिवसांत, कधी काही मिनिटांत, खात्यात. सोय झाली, कुलूप गेलं. शिवाय आधीच्या पिढीला शेजाऱ्याची सहल दिसत नव्हती. आता वर्गातल्या प्रत्येकाचं दुबई रोज रात्री बिछान्यात दिसतं.

## मग सगळंच कुलूपबंद करायचं?

अजिबात नाही, आणि पीएफच्या नव्या नियमावर चिडणाऱ्यांचं यात काही अंशी बरोबर आहे. ज्याची नोकरी गेली त्याला चौथ्या महिन्यात घरभाडं द्यायचं असतं. सगळे पैसे अडकवून ठेवणारा माणूस अडचणीत सापडला की कर्ज देणाऱ्या अॅपकडे वळतो आणि कुलपाचा सगळा फायदा तिथल्या व्याजात जातो. म्हणून पहिली रक्कम, किमान तीन ते सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी, अशी ठेवावी की मध्यरात्रीही काढता येईल. त्यात परतावा बघू नये. ती असली की बाकीच्या पैशांना कुलूप लावायची हिंमत होते.

त्यानंतरची कामं बरीचशी कारकुनी आहेत. पगार महिनाअखेरीस होत असेल तर एसआयपी आणि आरडीची तारीख दोन-तीन ठेवा, वीस-पंचवीस नको. पंचवीस तारखेला खात्यात काय उरतं ते सगळ्यांना माहीत आहे. पगारवाढ एप्रिलमध्ये होणार असेल तर दरवर्षी रक्कम वाढवण्याचा अर्ज, ज्याला फंडवाले टॉप-अप म्हणतात, फेब्रुवारीतच देऊन टाका. वाढ हातात आल्यावर देऊ म्हटलं की संपलं.

आणि एक कागद. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की ‘मी बचत करीन’ या संकल्पापेक्षा ‘अमुक झालं तर मी तमुक करीन’ असं आधीच ठरवलेलं जास्त पाळलं जातं. तसं चार ओळींत लिहा. बाजार वीस टक्के पडला तर काय करणार? बोनस आला तर किती कुठे? नोकरी बदलली तर पीएफ वर्ग करणार की नाही? मेहुण्यानं धंद्यासाठी पैसे मागितले तर कमाल किती? शेवटचा प्रश्न गमतीत घेऊ नका, आपल्याकडे सगळ्यात जास्त ठेवी त्यानंच मोडतात. नवरा-बायको दोघांनी बसून लिहा, कारण मोह दोघांना एकाच वेळी क्वचित होतो.

त्या कागदावर बाहेर पडण्याची तारीखही हवी. मुलगी जून २०३४ मध्ये कॉलेजला जाणार असेल तर २०३१ पासून दर सहा महिन्यांनी थोडे थोडे पैसे इक्विटीतून, म्हणजे शेअर बाजारातल्या गुंतवणुकीतून, काढून एफडीत न्यायचे, त्या वेळी बाजार चढता असो की उतरता. अजून थोडं वर जाईल म्हणून थांबणं आणि खूप पडलंय म्हणून थांबणं, दोन्हींची सोय त्या कागदावर ठेवू नका.